तापाला पैकीच्या पैकी, डिस्को काठावर पास: ग्रनादाच्या विद्यार्थी-रात्रीची पारख

स्पेनमधल्या ग्रनादात एक्सचेंजवर, म्हणजे परदेशी विद्यापीठातून काही काळासाठी शिकायला, येणारे बरेच विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात पैसे चुकीच्या जागी घालवतात. फॅकल्टीच्या दाराशी टेबल मांडून बसलेल्या एखाद्या खासगी 'इरॅस्मस पार्टी' एजन्सीकडून (इरॅस्मस ही युरोपची एक्सचेंज योजना) पाच-सहा डिस्कोंचं पॅकेज घेतलं जातं, मनगटाला पट्टा बांधला जातो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव जातं. मग पंधरा दिवस अशा जागी नाचायचं, जिथे आपल्यासारख्या नवख्या परदेश्यांशिवाय फारसं कुणी नसतं. या शहराची खरी रात्र साडेआठ ते साडेबाराच्या मधे असते, उभ्या-उभ्या, काउंटरला टेकून, हातात छोटा ग्लास आणि पुढ्यात खाण्याची फुकटची बशी, म्हणजे तापा, घेऊन. त्या चार तासांना पैकीच्या पैकी गुण. त्यानंतरच्या डिस्कोंना काठावर पास, तेही दोन-तीन ठिकाणांच्या जोरावर.

शहर आटोपशीर आहे. वस्ती सव्वादोन-अडीच लाखांच्या घरात, आणि त्यात १५३१ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, ज्याचे विद्यार्थीच पन्नास हजारांच्या वर. युरोपात एक्सचेंजचे सर्वाधिक विद्यार्थी घेणाऱ्या विद्यापीठांत ग्रनादाचं नाव वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असतं. त्यामुळे इथला रात्रीचा धंदा पर्यटकाच्या सुट्टीवर चालतो तितकाच विद्यार्थ्याच्या वेळापत्रकावर. विद्यार्थ्यांची मोठी रात्र गुरुवारची, कारण आसपासच्या गावांतली स्पॅनिश मुलं शुक्रवारी कपडे धुवायला आणि आईच्या हातच्या जेवणाचे डबे भरून आणायला घरी जातात. शुक्रवार-शनिवारी गर्दी असते, पण ती स्थानिक नोकरदारांची आणि वीकेंडला आलेल्या पाहुण्यांची. स्पॅनिश मित्र जोडायचे असतील तर गुरुवार मोकळा ठेवा आणि शुक्रवारी सकाळचा तास निवडू नका.

आता तापा. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तापाचे पैसे मोजावे लागतात. ग्रनादात पेय मागवलं की खाणं सोबत येतं, वेगळे पैसे न देता. बियरचा छोटा ग्लास म्हणजे कान्या, साधारण अडीच ते साडेतीन युरो. त्यात बशीभर भात, मटणाचा रस्सा, तळलेली मासळी, छोटा बर्गर, बटाट्याचं काहीतरी, असं येतं. बारवाल्याला हे परवडतं, कारण तापा हा मोठ्या पातेल्यात एकदाच केलेला पदार्थ असतो, आणि चार बार सोडून पाचव्यात तुम्ही शिरावं याचं दुसरं कारण त्याच्याकडे नसतं. बियर सगळीकडे तीच, बहुतेक वेळा १९२५ पासून इथेच तयार होणारी आलाम्ब्रा. स्पर्धा असते ती बशीवर.

बऱ्याच बारमध्ये तापांची एक चढती शिडी असते. पहिल्या पेयाला सर्वात साधी बशी, दुसऱ्याला जरा बरी, तिसऱ्याला आणखी बरी. दर पेयाला बार बदलणारा माणूस रात्रभर सगळीकडच्या पहिल्या पायरीवरच जेवतो. एका ठिकाणी दोन पेयं, मग पुढे, हा हिशेब सगळ्यात चांगला जमतो. दुसरी गोष्ट, टोळीतल्या सगळ्यांनी एकदम मागवावं. स्वयंपाकघरात तापा फेरीनुसार निघतो. दहा मिनिटांनी उगवलेल्या मित्राची पहिली फेरी तुमच्या दुसऱ्या फेरीत अडकली की वेटरचा हिशेब चुकतो आणि कुणाला तरी बशी येत नाही. आठ-दहा जणांनी जायचंच असेल तर सहसा प्रत्येकाला वेगळी बशी न येता मोठी ताटली मधे येते, आणि हात आखडता घेणारा उपाशी राहतो. चार-पाच जणांची टोळी आदर्श.

काही ठिकाणी फलकावर किंवा कार्डावर तापांची यादी असते आणि निवड तुमची. यादी नसेल तर निवडीचा हट्ट धरू नका, जे येईल ते येईल. मेन्यूकार्डातल्या 'रासिओन' आणि 'मेदिया रासिओन' या मात्र पूर्ण आणि अर्ध्या विकतच्या प्लेटा. नवख्याचं बिल फुगतं ते इथे: वेटर कार्ड पुढे करतो, फुकटच्या भरवशावर बोट ठेवलं जातं आणि बारा-पंधरा युरोंची तळलेली मासळी येते. बाहेरच्या टेबलांवर, म्हणजे तेरासावर, बऱ्याच ठिकाणी दर थोडे चढे असतात आणि तसं कार्डावर छापलेलंही असतं.

काउंटरवर उभं राहायची एक रीत आहे. काये नावासवरच्या लोस दियामांतेसमध्ये (१९४२ पासून चालू) रात्री नऊला गेलात तर बसायला जागा शोधूच नका. लांबट, अरुंद खोली, तळणाचा वास, पायाखाली कागदी रुमालांचा चुरा, आणि काउंटरला लागून दोन-तीन ओळी माणसं. आधी एक खांदा आत घालायचा, वेटरशी नजर जुळवायची, आणि 'क्वांदो पुएदास' म्हणायचं, म्हणजे तुझ्या सवडीने. हात हलवणं, टिचकी, मोठ्याने हाक, यातल्या कशानेही काम होत नाही, उलट तुम्ही रांगेत मागे जाता. पेयाचा आकडा बोटांनी दाखवला की पुरे. पाठोपाठ बशी येते: पिठात घोळवून तळलेले छोटे बोकेरोनेस मासे, कोळंबी, नाहीतर वांग्याच्या चकत्या. पैसे शेवटी. किती फेऱ्या झाल्या हे वेटरच्या डोक्यात असतं, काही जुन्या बारमध्ये काउंटरवर खडूने लिहिलेलं असतं. टीपची सक्ती नाही. सुटे काउंटरवर ठेवले तर ठीक, नाही ठेवले तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

कुठे जायचं ते पोट आणि पाकीट पाहून ठरवा. काये नावास ही सगळ्यात प्रसिद्ध गल्ली, म्हणून सगळ्यात गर्दीची आणि महागडी. पाहुणे आले की एकदा न्या. प्लासा नुएवाजवळचं बोदेगास कास्तान्येदा जुन्या पिंपांचं आणि वर टांगलेल्या हॅमचं. तिथलं कालिकासास हे मिश्रण गोड लागतं म्हणून भराभर घेऊ नये, ते वाइन आणि इतर मद्यांचं असतं आणि उठताना कळतं. काये सेत्ती मेरियेमवरच्या ला रिव्हिएरात तापा यादीतून निवडता येतो. विद्यार्थी वस्तीच्या बाजूचं बार पोए वेगवेगळ्या देशांच्या चवींसाठी ओळखलं जातं, तिथेही निवड तुमचीच. पेद्रो आंतोनिओ दे आलार्कोन हा विद्यार्थ्यांचा हमरस्ता: इथे तापा मोठा, बन-पाव-बटाट्याच्या अंगाचा, चव यथातथा, पण महिनाअखेरीला आधार. रेआलेहो या जुन्या वस्तीतल्या काम्पो देल प्रिन्सिपेच्या चौकात बाहेर बसण्याची मजा. आणि ज्याला खरोखर भरपूर आणि स्वस्त हवं त्याने मेट्रो पकडून साय्दिन या वस्तीत जावं, तिकडच्या घरगुती बारमध्ये पर्यटक दिसत नाही आणि बशी दुप्पट भरलेली असते. एक्सचेंजची मुलं साय्दिनला फारशी जात नाहीत, हे त्यांचं नुकसान.

शाकाहारी माणसाला इथे सावध राहावं लागतं. 'मांस नको' म्हटलं की स्वयंपाकघराच्या लेखी हॅमचे तुकडे आणि ट्यूना मासा त्यात बसतातच असं नाही. घेवड्याच्या दाण्यांत हॅम, साल्मोरेखोच्या थंड टोमॅटो सारावर हॅम आणि अंडं, सॅलडमध्ये ट्यूना. म्हणून वाक्य पूर्ण बोला: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस नको, मासळी नको, हॅम नको. आणि ते पेय मागवतानाच बोला. बशी समोर आल्यावर सांगितलं तर ती परत जाते, पण बदली यायला फेरी सरते. खात्रीचे पदार्थ: बेरेन्खेनास कोन मिएल, म्हणजे तळलेली वांगी आणि वर उसाची काकवी, पापास आ लो पोब्रे, कांदा-मिरची घालून तेलात मुरवलेले बटाटे, अंडं चालत असेल तर तोर्तिया. तळण्याची कढई मासळीची आणि वांग्याची एकच असते हे धरून चाला. ज्याला तेही चालत नाही त्याने रेआलेहो आणि एल्विराच्या बाजूच्या शाकाहारी जागा शोधाव्यात, त्या आहेत आणि त्यांतल्या काही तापाही देतात.

मद्य न घेणाऱ्याचं काहीही अडत नाही. मोस्तो हा द्राक्षाचा रस, बिनमद्याची बियर, कोल्ड्रिंक, या सगळ्यांवर तापा मिळतो. कॉफी-चहावर मिळत नाही. थोडं हलकं हवं तर क्लारा, म्हणजे बियर आणि लिंबू सोडा, किंवा तिंतो दे बेरानो, रेड वाइन आणि सोडा. सांग्रिया मागवू नका. स्थानिक माणूस ती सहसा मागवत नाही आणि तिचा दर पाहुण्यांसाठी लावलेला असतो. नळाचं पाणी मोफत देणं २०२२ च्या कायद्याने हॉटेल-बारना बंधनकारक आहे, तेव्हा 'आग्वा देल ग्रीफो' मागायला संकोच नको. ग्रनादाचं पाणी डोंगरातलं, चवीला चांगलं.

घड्याळाचा हिशेब आधी कळला तर पुढचा घोळ टळतो. ग्रनादा ज्यात येतं त्या आंदालुसिया प्रदेशाच्या नियमांनुसार संगीत नसलेले बार रात्री २ ला, संगीताचे बार ३ ला आणि डिस्को सकाळी ६ ला बंद होतात. शुक्रवारी, शनिवारी आणि सणाच्या आदल्या रात्री प्रत्येकाला एक तास वाढीव. या पायऱ्यांमुळेच लोक गटागटाने सरकतात: तापा संपवून साडेबाराला संगीताच्या बारमध्ये, तो बंद झाला की डिस्कोत. रात्री बाराला डिस्कोच्या दाराशी पोचलेला एक्सचेंजवाला दोन तास रिकाम्या फरशीवर महागडी कोपा, म्हणजे दारू-मिक्सरचा ग्लास, पीत बसतो. दोनच्या आत गर्दी जमत नाही.

खर्च मांडू. तापाची रात्र: चार पेयं, प्रत्येकी तीन युरो, एकूण १२ युरो, आणि जेवण त्यातच झालेलं. डिस्कोची रात्र: प्रवेश १० ते १५ युरो, त्यात बहुतेकदा एक पेय, दुसरी कोपा ७-८, कोट ठेवायचे २, परतीची टॅक्सी ७ ते १०. तीस युरो सहज जातात आणि पोटात काही नाही. आधी पोटोबा हा नियम इथे पाकिटालाही लागू आहे.

तरीही जायचंच असेल, आणि अधूनमधून जावंही, तर या गोष्टी पाहा. पेद्रो आंतोनिओच्या रस्त्यावर चिठ्ठ्या वाटणारे तरुण-तरुणी डिस्कोचे प्रचारक असतात. त्यांच्या 'लिस्ता'त नाव घातलं की ठरावीक वेळेपर्यंत प्रवेश फुकट किंवा कमी दरात. ती वेळ रांगेत उभं राहिल्याची नसून दारात पोचल्याची धरतात. लिस्ता दीडपर्यंत असेल आणि तुम्ही सव्वाला रांगेच्या शेपटाला लागलात तर पूर्ण पैसे पडणार. प्रवेशातलं पेय कोणतं तेही दारातच विचारा: काही ठिकाणी कोपा, काही ठिकाणी फक्त बियर. वय १८ पूर्ण हवं आणि ओळखपत्र मूळ हवं. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो चालेल याचा भरवसा नाही. पासपोर्ट रात्री फिरवणं जोखमीचं आहे म्हणून परदेशी नागरिकाचं निवासकार्ड, तिए, लवकर करून घ्या. त्याची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.

स्वस्त कोपाचा एक जुना रोग आहे, त्याला इथे गार्राफोन म्हणतात: नामांकित बाटलीत भरलेली हलक्या प्रतीची दारू. दुसऱ्या दिवशीचं डोकं हा त्याचा पुरावा, पण तोवर उशीर झालेला असतो. बाटली तुमच्या समोर उघडी करून ओतली जाते का ते बघा, बर्फ भरलेला ग्लास आतून तयार होऊन येत असेल तर बियर घ्या. दोन युरोंच्या चुपितोंच्या, म्हणजे छोट्या घोटांच्या, रांगांबाबतही तेच. ग्लास सोडून नाचायला जाऊ नका. परत आल्यावर तो तुमचाच आहे असं मानू नका. आणि कुठेही दारात किंवा बिलात फसवणूक वाटली तर 'ओहा दे रेक्लामासिओनेस' मागा. हा तक्रारीचा छापील फॉर्म प्रत्येक आस्थापनेत असावाच लागतो. पुष्कळदा तो नुसता मागितल्यावरच हिशेब दुरुस्त होतो.

डिस्कोंत त्यातल्या त्यात: काये कार्सेल बाहावरचं ग्रनादा दिएस जुन्या सिनेमागृहात आहे, छत आणि बाल्कनी बघायला तरी एकदा जावं, गाणी मात्र रेडिओवर वाजतात तीच. नेप्तुनो शॉपिंग सेंटरमधलं माए वेस्ट भलंमोठं, रेगेटॉनचं, एक्सचेंज पार्ट्यांचं हक्काचं. ज्याला गाण्याचा कान आहे त्याने प्लान्ता बाहाचा कार्यक्रम बघावा. १९८३ पासून तिथे बँड वाजताहेत, तिकीट डिस्कोच्या प्रवेशाइतकंच, आणि मैफल संपल्यावर तिथेच डीजे. टेक्नोवाल्यांना ला सुबियाच्या बाजूची इंदुस्त्रियाल कोपेरा माहीत असायला हवी, पण ती शहराबाहेर आहे. परतीची सोय आधी ठरवल्याशिवाय जाणं म्हणजे पहाटे औद्योगिक वसाहतीत टॅक्सीची वाट बघत बसणं.

रस्त्यावर बसून पिणं, बोतेयोन, याची ग्रनादात एकेकाळी अधिकृत जागा होती. ती २०१६ मध्ये बंद झाली. आता २००६ च्या आंदालुसियाच्या कायद्याखाली चौकात बाटल्या मांडून बसलं की दंड होऊ शकतो, आणि पोलीस आधी समज देतीलच असं नाही. जुने ब्लॉग वाचून आलेली मुलं अजून तो पत्ता विचारत असतात. शिवाय रात्री १० नंतर दुकानातून मद्य विकायला बंदी आहे, सुपरमार्केट असो वा कोपऱ्यावरचं दुकान. घरी पार्टी करणार असाल तर शेजाऱ्याचा विचार करा: इथल्या जुन्या इमारतींच्या भिंती पातळ आणि मधला चौक बोंब मारल्यासारखा घुमतो. तक्रार गेली की महापालिकेचे पोलीस दारात येतात, दंड घरात राहणाऱ्याच्या नावाने निघतो, आणि काही घरमालक तो अनामत रकमेतून कापतात. बाल्कनीत सिगारेट ओढणारे चार जण आतल्या स्पीकरपेक्षा जास्त त्रास देतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

फ्लामेंको या इथल्या गाण्या-नाचाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. साक्रोमोन्तेच्या टेकडीवरच्या गुहांमधले सांब्रा, म्हणजे जिप्सी नाच-गाण्याचे, कार्यक्रम २० ते ३० युरोंचे, बसने आणलेल्या पाहुण्यांसमोर दिवसाला दोन-तीनदा होणारे. नर्तकी तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, टाचांचा आवाज दगडी छतावरून परत येतो, त्यामुळे अनुभव खोटा मुळीच नाही, पण घाईचा असतो. एकदाच पैसे घालायचे असतील तर आल्बाय्सीन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतल्या पेन्या ला प्लातेरियाची चौकशी करा. १९४९ साली स्थापन झालेली ही रसिकांची संस्था, साधारण गुरुवारी रात्री बाहेरच्यांसाठीही मैफल ठेवते. इथे टाळी कधी वाजवायची हे ठाऊक नसेल तर वाजवूच नका. ताल धरणारी टाळी हा मैफलीचा भाग असतो, आणि हौशी माणसाने मधेच घातलेली टाळी गायकाला खटकते.

पैसे न घालता रात्र काढायची असेल तर मिरादोर, म्हणजे उंचावरून शहर बघायच्या जागा, आहेत. सान निकोलासवरून समोर आलाम्ब्रा हा जुना किल्ला (बियरचं नाव त्याचंच), मागे बर्फाचा डोंगर. सूर्यास्ताला तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूही हजर असतात. आणखी चढण चढायची तयारी असेल तर सान मिगेल आल्तो गाठा, शहर पूर्ण दिसतं आणि गर्दी निम्मी. उतरताना दिवे कमी असतात. एकट्याने, फोन हातात नाचवत, उतरू नये. आल्बाय्सीनच्या गोट्यांच्या फरसबंदीवर उंच टाचांचं पादत्राण म्हणजे मुरगळ ठरलेली, पावसानंतर तर सपाट चप्पलही घसरते. काल्देरेरिया नुएवाच्या तेतेरियांत पुदिन्याचा चहा आणि हुक्का मिळतो. चहा दोन-तीन युरोंत तासभर बसू देतो, गोड पदार्थ बहुतेक शिळसर. नदीकाठच्या पासेओ दे लोस त्रिस्तेसवर बसून वर उजळलेला किल्ला बघायला काहीच लागत नाही.

किल्ल्यात रात्री जाता येतं हे अनेकांना निघायच्या महिन्यात कळतं. त्यातल्या नासरी सुलतानांच्या राजवाड्यांची रात्रीची भेट उन्हाळी वेळापत्रकात, म्हणजे एप्रिल ते मध्य ऑक्टोबर, मंगळवार ते शनिवार आणि हिवाळ्यात फक्त शुक्रवार-शनिवार. तिकीट नावाचं असतं, दाराशी ओळखपत्र मागतात, दिलेली वेळ चुकली की आत सोडत नाहीत. दिवसाच्या गर्दीपेक्षा ही भेट कितीतरी चांगली: पाण्याच्या हौदात कमानींचं प्रतिबिंब स्थिर असतं आणि गाईडांचा गलका नसतो. फक्त कोरीवकामाचे रंग नीट दिसत नाहीत, म्हणून जमलं तर एकदा दिवसाही जा. आंदालुसिया सरकारची काही छोटी स्मारकं, उदाहरणार्थ एल बान्युएलो हा अकराव्या शतकातला हमामखाना, रविवारी फुकट असतात.

शहराबाहेरची करमणूक हा ग्रनादाचा दुसरा मोठा जमेचा मुद्दा. सिएरा नेवादाचं स्की केंद्र बसने तासाभराच्या आत. पायथ्याचं प्रादोयानो २,१०० मीटरवर, वरच्या धावपट्ट्या ३,३०० मीटरपर्यंत. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिलअखेर. दिवसाचा लिफ्ट पास भर हंगामात ५० युरोंच्या वर, वर भाड्याचं सामान, त्यामुळे नवशिक्याने शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावं आणि सामान शक्यतो शहरातल्या दुकानातून आधी घ्यावं. जीन्स घालून जाऊ नका, पहिल्या पडण्यात ती भिजते आणि दिवस संपतो. सनस्क्रीन न लावलेला चेहरा संध्याकाळी गॉगलचा आकार सोडून भाजलेला असतो. पैसे नसतील तर मोनाचिल गावची लोस काऔर्रोस घळ: झुलते पूल, त्यातला मोठा ६३ मीटरचा, आणि पुढे नदीच्या कडेने खडकाखालून वाकून, लोखंडी कड्या धरून जायची वाट. तीनेक तासांत फेरी होते. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊ नका, वाट पाण्यात असते. समुद्रासाठी सालोब्रेन्या किंवा आल्मुन्येकार, बसने सव्वा ते दीड तास. किनारा वाळूपेक्षा खड्यांचा, पायात काहीतरी हवं. जूनमधल्या रविवारी परतीचं तिकीट जातानाच काढा.

भाषा सुधारायची असेल तर बारमधल्या 'इंतेर्काम्बिओ'च्या, म्हणजे एकमेकांची भाषा बोलायच्या, संध्याकाळी उपयोगी, एका अटीवर: सुरुवात होताच पोचा. तासाभराने टेबलं ठरलेली असतात आणि सगळे इंग्रजीवर घसरलेले असतात. विद्यार्थी स्वयंसेवकांच्या ईएसएन संघटनेचं कार्ड खासगी एजन्सीच्या पट्ट्यापेक्षा केव्हाही बरं, प्रवासात आणि काही विमान कंपन्यांत सवलत मिळते. विद्यापीठाच्या सिने-क्लबचे खेळ मूळ भाषेत, स्पॅनिश सबटायटलसह असतात. ऐकत वाचण्याइतकी चांगली शिकवणी दुसरी नाही.

घरी परतायला शहरात पाय पुरतात, केंद्रातून बहुतेक ठिकाणं अर्ध्या तासात. २०१७ मध्ये सुरू झालेली मेट्रो शुक्रवार-शनिवारी मध्यरात्र उलटल्यावरही काही वेळ चालते, इतर वारी लवकर बंद होते. वीकेंडला रात्रीच्या बसही असतात. इलेक्ट्रिक स्कूटर पिऊन चालवू नका, मद्यचाचणी तिलाही लागू आहे आणि दंड पाचशे युरोंपासून सुरू होतो. तेरासावर फोन टेबलाच्या कडेला ठेवू नका. अडचणीत ११२. हिवाळ्यात जाड कोट हवाच: शहर सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जानेवारीच्या रात्री पारा शून्याला टेकतो, आणि २०११ पासून आत सिगारेट बंद असल्याने निम्मी मैफल दाराबाहेरच उभी असते.

वर्षाचं गणित असं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, नोव्हेंबरात जाझ महोत्सवही. जानेवारी परीक्षेचा, बार रिकामे आणि अभ्यासिका रात्रभर भरलेल्या. ३ मेला दिया दे ला क्रूस, चौकाचौकांत फुलांचे क्रूस आणि दिवसाढवळ्या नाच. दुपारीच जा, संध्याकाळी फक्त गर्दी उरते. जूनच्या आसपास कोर्पुस या ख्रिस्ती सणाची जत्रा आल्मान्हायारच्या मैदानावर, आणि तिथले बहुतेक तंबू सगळ्यांना खुले, सेविल्याच्या जत्रेसारखी ओळख काढावी लागत नाही. जुलैत विद्यार्थी पांगतात. ऑगस्टमध्ये साय्दिनचे घरगुती बार दारावर सुट्टीची चिठ्ठी लावून समुद्राकडे गेलेले असतात, तेव्हा उन्हाळी सत्रासाठी येणाऱ्याने नावासच्या दरांची तयारी ठेवावी.